अरुंद पाटीला by, रुंद पाटीला till

७ एप्रिल, सोमवार

ही डायरी पतपेढीने जानेवारीत फुकट दिली. तीन महिने कोरीच पडून होती. कव्हरवर ‘दैनंदीनी’ छापलं आहे. ‘दि’ला पहिली वेलांटी हवी, यांनी दुसरी दिली. एक नंबरच्या ब्रशने ती आधी दुरुस्त केली, वाळायला वीस मिनिटं दिली, मगच आत लिहायला बसलो.

लिहायचं कारण म्हणजे आज काम आलं, आणि ते साधं नाही.

मी दत्तात्रेय हिरामण म्हात्रे, वय त्रेपन्न, पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. पेणच्या एसटी स्टँडमागे आठ बाय दहाचं दुकान. नववीला इंग्रजीत नापास झालो आणि शाळा सुटली, इंग्रजी सोडलं नाही. डिक्शनरी A पासून Z पर्यंत दोनदा वाचली, पेन्सिलने खुणा करत, कुणाच्या दारात शिकायला न जाता. पण फ्लेक्स आल्यापासून हाताने अक्षर काढून घ्यायला माणूस येत नाही. गेल्या वर्षी निम्मं काम ‘येथे गाडी लावू नये’ एवढंच होतं.

आज अकरा वाजता हरेश नावाचा पस्तिशीचा माणूस मोटारसायकलवरून कोलाडहून आला. नदीला लागून त्यांची भातशेती आहे. बांधाच्या वर त्याने पाहुण्यांसाठी सात खोल्या बांधल्या आहेत, नाव ‘नदीकाठ’. एक मेला सुरू करणार. त्याला चौतीस पाट्या हव्यात, सगळ्या हाताने रंगवलेल्या, सगळ्या इंग्रजीत, कारण पाहुणे बंगळूर-हैदराबादचे. म्हणाला, “अक्षर पिवळ्या छायेचं काढा, कडेला सावली पडल्यासारखं, तुमच्या घरातल्या तांदळाच्या डब्यावर आहे तसं.”

हा माणूस माझ्या घरी कधी आलेला नाही. मी विचारलं नाही. नाव झालं की अशा गोष्टी पसरतात.

काय लिहायचं त्याची मराठीत छापलेली यादी तो देऊन गेला. इंग्रजी करायचं माझ्यावर सोपवलं. कागद खळ लावून भिंतीला चिकटवला. पाच मेला त्याच्या शेजारचे चार कॅम्पवाले पाट्या बघायला येणार आहेत. त्यांना आवडल्या तर त्यांचंही काम माझं. शांतीला, म्हणजे घरच्या मंडळींना, जेवताना सांगून टाकलं: हे जुळलं तर दुकान राहील, नाहीतर गणपती झाले की चावी मोबाईलवाल्याला. ती म्हणाली, “बघू,” आणि आमटी वाढली.

९ एप्रिल, बुधवार

पाट्यांना प्रायमर मारला. ओळ आखायची दोरी एकट्याने ताणायला जमत नाही. एक टोक खिळ्याला बांधलं तरी मधे झोल पडतो.

सहा वर्षांची असल्यापासून दुसरं टोक किमया धरायची, माझी मुलगी. हात कधी हलायचा नाही. पुढे बी.ए.ला तिने इंग्रजी घेतलं आणि हाताऐवजी तोंड हलायला लागलं. गेल्या वर्षी बाजारातल्या वह्या-पेनांच्या दुकानाची पाटी मी पूर्ण करत होतो, STATIONARY. ती गिऱ्हाइकासमोर म्हणाली, बाबा, तिथे A नाही, E. मी म्हटलं, दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. ती म्हणाली, आहेत, पण एकाचा अर्थ वह्या-पेनं आणि दुसऱ्याचा अर्थ जागचं न हलणारं. मी विचारलं, मग दुकान हलतं का? दुकानदार पोट धरून हसला. कुणाला हसला ते मी ठरवलं नाही, तिने ठरवलं. महिन्याभरात तिने रोह्याला नोकरी धरली, आणि कुठे, तर फ्लेक्सच्या दुकानात. आत्याकडे राहते. याला आठ महिने झाले.

आमचं भांडण नाही. ती विचारत नाही आणि मी सांगत नाही, एवढंच.

११ एप्रिल, शुक्रवार

आजचा दिवस एका शब्दात गेला. यादीत ‘पर्यंत’ अकरा वेळा आहे. नाश्ता आठपर्यंत तयार. गरम पाणी नऊपर्यंत. मागचं फाटक रात्री दहापर्यंत उघडं. जेवण काय हवं ते संध्याकाळी पाचपर्यंत सांगावं. अशा.

डिक्शनरी काढली. by: जवळ, ने, कडून, पर्यंत. till: पर्यंत. by तर आठ बाय दहामध्येही येतो, म्हणजे कष्टाळू शब्द, पडेल ते काम करतो. till एकाच कामाचा माणूस. दोघेही ‘पर्यंत’ आहेत तर दोघांतला कुठला घ्यायचा हे पुस्तकात कुठेच नाही. अशा ठिकाणी शिकलेला माणूस अडतो. मी अडलो नाही. by दोन अक्षरांचा, till चार अक्षरांचा. पाटी अरुंद असेल तिथे by घ्यायचा, रुंद असेल तिथे till. दोन्ही बाजूंना जागा सारखी राहते आणि डोळ्याला बरं दिसतं.

स्वयंपाकघरावरची पाटी तीन फुटी, म्हणून BREAKFAST READY TILL 8. न्हाणीच्या दारावरची नऊ इंची, म्हणून HOT WATER BY 9. फाटकाचा खांब त्याहून अरुंद: GATE OPEN BY 10. व्याकरण आणि माप दोन्ही एका नियमात बसले. हा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, माझा स्वतःचा आहे.

१९ एप्रिल, शनिवार

बावीस पाट्या झाल्या. E च्या मधल्या दांडीची लांबी सगळ्या पाट्यांत सारखी ठेवली आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या येतं.

२२ एप्रिल, मंगळवार

गंमत झाली. भाकऱ्या थापता थापता शांती म्हणाली, “अहो, ते ‘बाय’ आणि ‘टिल’ एकच का हो?”

सव्वीस वर्षांच्या संसारात हिने इंग्रजी शब्दाची चौकशी पहिल्यांदा केली. मला बरं वाटलं. पीठ मागून पाटावर बोटाने तिला माझा नियम आखून दाखवला. तिने नीट ऐकलं, मग परसदारी जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. कोण होतं विचारलं तर म्हणाली, “गडब गावची, शांताराममामांची सून.” मामांच्या सुनेलाही नियम सांगितला असणार, कारण पलीकडून हसण्याचा आवाज मला ओट्यापर्यंत आला. परत येऊन शांती म्हणाली, “एकदा कुणालातरी दाखवून घ्या ना.” मी विचारलं, कुणाला? ती तव्याकडे वळली. दाखवण्यासारखं माणूस पेणमध्ये आहे कोण?

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया. कोलाड

चौतीसपैकी तीस पाट्या टेम्पोतून आणल्या. राहिलेल्या चार झाडांवरच्या. त्या इथेच करायच्या, म्हणून सोमवारपर्यंत राहणार आहे. यादी भिंतीवरून सोलून बरोबर आणली, ताडून बघायला. खळ जाड होती, मागची बाजू सोलताना थोडी भिंतीलाच राहिली.

लेव्हल लावून एकेक पाटी ठोकली. स्वयंपाकघरात हरेशची आत्या आहे, सरूबाई, साठीच्या पुढची, हाताला विलक्षण चव. शाळा दुसरीपर्यंत. माझी तीन फुटी पाटी खालून वर न्याहाळून म्हणाली, “अक्षर कसं, तांदूळ निवडून ठेवल्यासारखं हाय.” कुणी केलेली सर्वांत अचूक तारीफ. लिहून ठेवतो.

१ मे, गुरुवार

पाहुणे आले, सातही खोल्या भरल्या. आल्या आल्या सगळे पाट्यांपाशी. दोन मुलींनी न्हाणीच्या पाटीसमोर फोटो काढले आणि इतक्या खूष झाल्या की एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. फ्लेक्ससमोर असा आनंद झालेला मी कधी पाहिला नाही.

बंगळूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, पांढरे केस, हातात काठी. जेवणाच्या पाटीपुढे (TELL YOUR DINNER TILL 5) त्या चष्मा लावून दोन मिनिटं उभ्या होत्या. जाणकार नजर लगेच कळते. मात्र स्मरणशक्ती गेलेली दिसते. दोन वाजता त्यांनी सरूबाईंना खुणांनी सांगितलं, पिठलं हवं. अडीचला येऊन पुन्हा पिठलं. तीनला पुन्हा. बरोब्बर पाचला शेवटचं सांगून, काठी आपटून, गोड हसून गेल्या. सरूबाई म्हणाल्या, “बाय खुळी नाय, डोळं बघा तिचं. तिला कुनीतरी सांगायला लावलंय.” कोण लावणार?

२ मे, शुक्रवार

आजचा दिवस वाईट गेला. क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला तिघे फिरायला निघाले. फाटकाला नुसती साखळी अडकवलेली होती, कुलूप नव्हतं. खांबावरची पाटी वाचून दोघे माघारी जाऊन झोपले. तिसरा अंगाने भरलेला, तो कुंपणावर चढला आणि करवंदीच्या जाळीत बसला. त्याला काढायला मी, हरेश आणि एक शिडी लागली.

सातला स्वयंपाकघरापुढे सतरा माणसं, दात घासलेली-न घासलेली, हातात ताटल्या. वड्यांचं पीठ तेव्हा भिजतच होतं. सरूबाई आठला तयार ठेवणार होत्या, ठरलं तसंच. लोक घड्याळ दाखवू लागले. पावणेआठला तर एकाने कच्चे पोहे मागून घेतले.

आणि सव्वानऊला आठ जण टॉवेल घेऊन न्हाणीत गेले. बंब नऊला विझवलेला. आतून जे आवाज आले ते सगळ्या भाषांत सारखेच असतात.

हरेशने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, पाहुणे सुशिक्षित असूनही इंग्रजी कच्चं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शिडी उचलून ठेवायला गेला. चांगला मुलगा आहे.

३ मे, शनिवार

आजही तेच. सातला ताटल्या, सव्वानऊला टॉवेल. दुपारी जांभळीखाली शेवटची पाटी रंगवत होतो, तेव्हा सरूबाई तांदूळ पाखडायला शेजारी येऊन बसल्या आणि संभाषण झालं ते जसंच्या तसं देतो. इंग्रजी न येणाऱ्या बाईने मला इंग्रजी शिकवलं, हे कागदावर असायला हवं. मला आवडलं नाही तरी.

म्हणाल्या, “पेंटरभाऊ, रागवू नका. माझ्या दारावर तुम्ही काय लिवलाव?”

“नाश्ता आठपर्यंत तयार.”

“व्हय, पन म्हंजे काय? आठच्या आत तयार, का आठ वाजेतवर गावंल?”

मी म्हटलं, एकच ते.

“एकच कसं? मी नातीला सांगते, दिवा लागायच्या आत घरी ये. नि सांगते, दिवा लागेतवर खेळ. पयल्यात एकदाच यायचं हाय. दुसऱ्यात खेळत ऱ्हायचं हाय. ही मानसं माझ्या दारात खेळत ऱ्हायल्यासारखी सातला येतात. त्यास्नी वाटतं, आठ वाजले की बंद. नि न्हानीवर तुम्ही दुसरा कायतरी लिवलाव, तिथं ती थांबून ऱ्हातात, पानी तापायची वाट बघत. दोन पाट्यांवर दोन शब्द हायत ना?”

“आहेत.”

“मंग ते उलटेपालटे झालेत बगा.”

ब्रश हातात तसाच राहिला. रंगाचा थेंब बुटावर पडला, तो पुसला नाही. by म्हणजे आत: गोष्ट एकदाच घडायची, ठरल्या वेळेला किंवा त्याआधी. till म्हणजे तोवर: गोष्ट चालूच राहायची, ठरल्या वेळेला थांबायची. मराठीत ‘पर्यंत’ दोघांचंही काम करतो, म्हणून डिक्शनरीने दोघांना एकाच खुंटीला टांगलं. आणि मी त्यातला कोण कुठे लागतो हे इंचपट्टीने ठरवलं.

मुख्याध्यापिकाबाई पाचपर्यंत सांगतच का राहिल्या ते कळलं. पाटीने सांगितलं तसंच त्या वागल्या होत्या. त्या फोटो काढणाऱ्या मुली कशाला हसत होत्या तेही कळलं.

जेवण गेलं नाही. पिठलं होतं.

४ मे, रविवार

हरेशला सकाळीच सांगितलं की अकरापैकी सात पाट्या चुकल्या आहेत, पाहुणे गेले की पुसून पुन्हा काढतो. तो खोकला आणि म्हणाला, “काका, राहू द्या ना तशाच.” मोबाईल दाखवला. माझ्या पाट्यांचे फोटो कुठल्याकुठे गेले आहेत, हजारो लोकांनी पाहिले, हसले, पत्ता विचारला. शेजारचे कॅम्पवालेही उद्या मुद्दाम अशाच बघायला येणार आहेत, त्यांनाही असंच ‘मजेशीर’ इंग्रजी हवं. “नाश्ता मी सातला ठेवीन,” म्हणाला, “बंब साडेनऊपर्यंत पेटता ठेवीन. पाट्या राहू द्या. तुमचं कामही होईल.”

मोह झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. चार कॅम्प म्हणजे दोन वर्षांचं काम. दुकान राहिलं असतं. नुसतं चूक करत राहायचं होतं, आणि ती तर मला जमत होती.

मी म्हटलं, “हरेश, चूक झाली ती माझी. पण कळल्यावर ठेवली तर ती चूक नाही, नक्कल आहे. माझ्या हातची नको.”

तो म्हणाला, “ती म्हणालीच होती तुम्ही ऐकणार नाही.” मी विचारलं, कोण ती? तो म्हणाला, “आत्या.” आणि भरभर पाहुण्यांच्या बॅगा उचलायला गेला.

दुपारी टर्पेंटाइन घेऊन बसलो. by च्या जागेत till बसवायचा म्हणजे अक्षरं दाबून घ्यावी लागतात. नवी मापं काढायला कागद हवा होता, म्हणून यादी उलटी केली.

महिनाभर ही यादी माझ्या डोळ्यांसमोर भिंतीला होती. E च्या दांडीचा अर्धा मिलिमीटर बघणारा मी, कागद उलटून बघितला नव्हता. मागे फ्लेक्सच्या दुकानाचं नाव, रोहे स्टेशन रोड. खळीने अर्धं गेलेलं. खाली पेन्सिलने, ओळीवर तोलून धरलेल्या अक्षरात:

‘हरेशदादा, हे काम आमच्याकडे नको. बाबांकडे द्या. छाया पिवळी सांगा. पर्यंत = by की till, बाबांना समजावून सांगणे.’ यातलं शेवटचं वाक्य खोडलं होतं, पुढे ‘नको, चिडतील.’

ते अक्षर मीच शिकवलेलं. र ची गाठ माझी आहे.

साडेपाचला सातही पाट्या झाल्या. दोरीचं टोक सरूबाईंनी धरलं. त्यांचा हात हलतो.

५ मे, सोमवार

चार कॅम्पवाले आले. नव्या पाट्या वाचून एकाचा चेहरा पडला. “हे तर बरोबरच आहे,” तो म्हणाला, जणू काही दही विरजलंच नव्हतं. मी सांगितलं, बरोबरच मिळेल, दुसरं काही माझ्याकडे नाही. त्याने आणि आणखी दोघांनी चहा घेतला, फ्लेक्स स्वस्त पडतो असं आपसात बोलले आणि गेले. मी ब्रश गुंडाळायला घेतले. डोळ्यांसमोर मोबाईलवाला माझ्या दुकानात काचेचं कपाट मांडत होता.

चौथा, नितेश, मागेच राहिला. त्याच्या होड्या आहेत, पाहुण्यांना नदीच्या वेगात उतरवतो. काठावर येईतो जाकीट अंगातच ठेवायचं, हे तो रोज ओरडून सांगतो आणि लोक मध्येच काढतात. त्याने विचारलं, याची पाटी कशी कराल?

मी जमिनीवर काडीने लिहिलं: KEEP JACKET ON TILL YOU REACH THE BANK. आणि होड्यांपर्यंत नेणाऱ्या बसजवळची: BE AT THE BUS BY 8. मग दोन्ही उलगडून सांगितलं. जाकीट ‘तोवर’, बस ‘आत’. इथे शब्दांची अदलाबदल झाली तर करवंदीच्या जाळीत बसून भागणार नाही.

नितेशने दोन्ही ओळी बोट फिरवत पुन्हा वाचल्या. म्हणाला, “मला एवढं समजावून देणारा माणूसच पाहिजे. बावन्न पाट्या आहेत. पाऊस लागायच्या आत द्याल?”

“आत,” मी म्हटलं. “तोवर नाही.”

सरूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून हसल्या. या कामाचं श्रेय त्यांचं, असं मी नितेशला सांगितलं. निम्मं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो: सगळं त्यांचं.

६ मे, मंगळवार. पेण

नऊ महिन्यांनी किमयाला फोन केला. शांतीकडून नंबर मागितला, तिने पाठच म्हणून दाखवला. गडबच्या मामांच्या सुनेचाही तोच निघेल असं मला आता वाटू लागलं आहे.

काय बोलायचं ते कागदावर काढून ठेवलं होतं, तीन मुद्दे. तिने “बाबा?” म्हटलं आणि कागद कुठे गेला कळलं नाही. मी विचारलं, “किमया, till मध्ये दोन L, आणि until मध्ये एकच. असं का?”

तिला मी आजवर काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

“ठाऊक नाही बाबा,” ती म्हणाली. आवाज बसला होता, फ्लेक्सच्या शाईचा वास वाईट असतो. “बघून सांगते.”

मी म्हटलं, फोनवर नको, अक्षरांच्या गोष्टी समोर बसून बोलायच्या असतात.

“मग रविवारपर्यंत येते.”

“आत की तोवर?”

ती इतकी हसली की तिच्या दुकानातलं मशीन कुणीतरी बंद केलं. मग म्हणाली, “आत.”

९ मे, शुक्रवार

सकाळी दुकान उघडण्याआधी शिडी आणि लाल डबा घेऊन बाजारात गेलो. वह्या-पेनांच्या दुकानाचा A पुसला, E काढला. मधली दांडी मापात. दुकानदार दात घासत बाहेर आला, म्हणाला, “आता कशाला, पेंटर? वर्षभर कुणी काय म्हणालं नाय.”

मी म्हटलं, “दुकान हलायला लागलं म्हणून.”

१० मे, शनिवार

किमया आज संध्याकाळच्या गाडीने आली. ‘आत’ म्हणजे आत. स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटांत यायला हवी, पण बाजारातून चालत आली, तिला पाऊण तास लागला. हातपाय धुतले, चहा दोनदा घेतला, तांदळाचा डबा हातात धरून उगाच पुसला, आणि माझ्या दुकानाची चावी मागून घेतली. शांती भाकरी थापत होती. धूर नव्हता तरी डोळे पुसत होती.

११ मे, रविवार

नितेशच्या पहिल्या सहा पाट्या आखल्या. दोरीचं टोक किमयाने धरलं. हात हलत नाही. दर आठवड्याच्या सुट्टीला येऊन पाट्यांचं इंग्रजी आधी ती बघेल आणि अक्षर मी काढीन, असं ठरलं. कुणी ठरवलं ते नीट आठवत नाही. L चा उलगडा तिलाही झाला नाही. Till जुना, until नंतरचा, एवढं तिने शोधलं. मग दुसरा L वाटेत कुठे सांडला, यावर आम्ही दोघं दीड तास भांडलो. शांतीने दार लावून घेतलं.

संध्याकाळी ब्रश धुताना विचारलं, आहेस किती दिवस? म्हणाली, “उद्या दुपारपर्यंत.”

यातला ‘पर्यंत’ कुठला, हे मला विचारावं लागलं नाही. घरात पाटी लावायची झालीच तर ओट्यावरची तीन फुटी फळी रिकामीच आहे. रुंद आहे, till मोकळेपणाने बसतो.